टेबल फॅन बाजूला ठेवा, गच्चीवर चला

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात एक मॉडेल हमखास असतं. थर्माकोलचं शेत, आइस्क्रीमच्या काड्यांचं कुंपण, मधोमध पवनचक्की आणि तिच्यासमोर टेबल फॅन. परीक्षक आले की फॅन सुरू. पाती गरगरतात, इवलासा एलईडी लागतो, टाळ्या पडतात. आता जरा हिशेब करू. फॅन खातो साधारण ५० वॅट, एलईडीला लागतात ०.०६ वॅट. म्हणजे वीज तयार झालीच नाही, महावितरणची वीज तेवढी उधळली!

धाकट्या भावाबहिणीचा प्रोजेक्ट आदल्या रात्री आपल्याच गळ्यात पडतो, हे मुरगूडच्या कॉलेजात शिकणाऱ्यांना नव्याने सांगायला नको. यंदा तो जरा आधी हातात घ्या आणि खऱ्या वाऱ्यावर चालणारी चक्की करून बघा. खर्च फार नाही, पण डोकं लागतं.

फॅनसमोर चालणारं मॉडेल गच्चीवर नेलं की बहुतेक वेळा गप्प बसतं. वारा कमी पडतो हे खरं, पण खरी गोम मोटरमध्ये असते. खेळण्यातली मोटर १२ व्होल्टवर मिनिटाला सहा हजार फेरे घेत असेल, तर उलट वापरताना १२ व्होल्ट मिळवायला तिला तेवढेच फेरे द्यावे लागतात. ६० सेंटिमीटर व्यासाची चक्की ४ मीटर प्रतिसेकंद वाऱ्यात चांगली फिरली तरी मिनिटाला पाचशेच्या आसपास फेरे घेते. म्हणजे हातात आला १ व्होल्ट, आणि पांढऱ्या एलईडीला लागतात जवळपास ३. चक्की जोरात फिरते, दिवा लागत नाही, पोरगं रडकुंडीला येतं.

उपाय भंगारात आहे. जुन्या प्रिंटरमध्ये स्टेपर मोटर असते. ती बोटांनी फिरवली तरी एलईडी लुकलुकतो, कारण तिची रचनाच कमी फेऱ्यांची. तिच्यातून एसी वीज निघते, म्हणून प्रत्येक कॉइलला चार डायोडचा ब्रिज लावायचा. छताच्या पंख्यापासून फुकट वीज, असे व्हिडिओ खूप फिरतात. त्यांच्या नादाला लागू नका. साध्या सीलिंग फॅनमध्ये चुंबकच नसतो, त्यामुळे तो नुसता फिरवून वीज येत नाही. नव्या बीएलडीसी पंख्यात चुंबक असतो, तो चालेल.

हे पटत नसेल तर मोटर रिवायंडिंगच्या दुकानात जाऊन विचारा. वेदगंगेकाठी ऊस आहे म्हणजे पाण्याचे पंप आले, पंप आले म्हणजे मोटरी जळणार, आणि जळाल्या की बांधणारा कारागीर लागणारच. तांब्याची तार किती जाडीची, वेढे किती, हे तो हातानेच ओळखतो. आपण मात्र फॅराडेचा नियम पाठ करून पेपरात लिहितो आणि त्या दुकानासमोरून सरळ निघून जातो. एक दुपार तिथं बसा भावांनो.

बाकीचं सोपं आहे. चार इंची पीव्हीसी पाइपचा फूटभर तुकडा उभा चिरून चार फाळ्या करा. तीन वापरा, चौथी चुकलीमाकली तर. बुडाशी रुंद, टोकाला निमुळतं असं कापा आणि पॉलिश पेपरने कडा घासा. तिन्ही पात्यांचं वजन सारखं हवं, नाहीतर चक्की थरथरून स्वतःच खिळखिळी होते. शेपटीला तेलाच्या डब्याचा पत्रा पुरतो.

आता वारा. वाऱ्यातली शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग दुप्पट, तर शक्ती आठपट. ६० सेंटिमीटरच्या चक्कीवरून ४ मीटरच्या वाऱ्यात सुमारे १० वॅट वाहून जातात. त्यातले ५९ टक्क्यांपेक्षा जास्त कुणालाच काढता येत नाहीत, ही बेट्झची मर्यादा. घरगुती चक्कीला दीड-दोन वॅट मिळाले तरी खूप झाले. मोबाइल चार्ज होणार नाही, दिवे लागतील. वेग मोजायला यंत्र नसेल तर हलका झेंडा बघा. तो सरळ ताणला गेला, तर वारा साधारण साडेतीन ते साडेपाच मीटर. जागा मोकळी निवडा. उभ्या उसाच्या कडेला वारा अडतो. शाळेची गच्ची चालेल, सर पिराजीराव तलावाचा उघडा काठही चालेल. आषाढात चक्की थांबायचं नाव घेणार नाही, दिवाळीच्या सुमारास मात्र तासन् तास हलणारही नाही.

मलावी देशातल्या विल्यम कामक्वाम्बाची गोष्ट सिनेमामुळे अनेकांना माहीत आहे. २००२ मध्ये फीअभावी शाळा सुटलेल्या या पोराने ग्रंथालयातल्या पुस्तकावरून चक्की उभारली. ट्रॅक्टरचा पंखा, सायकलची फ्रेम, तापवून सपाट केलेले पीव्हीसी पाइप. आणि वीज सायकलच्या डायनामोतून, म्हणजे पुन्हा चुंबकवालं यंत्र.

मला त्याहून डेन्मार्कमधली आस्कोवची शाळा भारी वाटते. तिथले शिक्षक पॉल ला कूर यांनी १८९१ मध्ये शाळेतच प्रायोगिक पवनचक्की बांधली. वारा नसताना काय करायचं? त्यांनी विजेने पाण्यापासून हायड्रोजन काढून साठवला आणि त्यावर शाळेचे दिवे लावले. अधूनमधून स्फोट होऊन खिडक्यांच्या काचाही फुटल्या. पुढे त्यांनी खेड्यातल्या पोरांसाठी विजेचा कोर्स काढला. १९०४ च्या कोर्समधल्या योहानेस यूल याने १९५७ मध्ये गेडसर इथं २०० किलोवॅटची तीन पात्यांची चक्की चालू केली. आपल्या पाटण तालुक्यात वनकुसवडे पठारावर फिरणाऱ्या तीनपाती चक्क्यांचं घराणं तिच्यापर्यंत जातं.

एवढ्या खटाटोपापेक्षा सोलर पॅनेल स्वस्त पडेल, असं कुणीतरी म्हणणारच. बरोबर आहे, पडेल. पण पॅनेल विकत आणून उन्हात ठेवलं की काम संपतं. इथं पात्याचा कोन दोन अंशांनी बदलला तरी मल्टिमीटरवर आकडा हलतो. तीन पाती बरी की सहा, दुपारचा वारा जास्त की सकाळचा, हे मोजून वहीत लिहिता येतं. प्रदर्शनात मॉडेलशेजारी महिनाभराच्या नोंदींची ती वही ठेवा. ‘नोव्हेंबरात अकरा दिवस शून्य व्होल्ट’ असं तिच्यात लिहिलेलं असलं तरी ठेवा.

दोन गोष्टी सांभाळा. घरच्या वायरिंगला हे काही जोडायचं नाही आणि विजेच्या तारांजवळ खांब उभा करायचा नाही. त्या पाचशे फेऱ्यांत पात्याचं टोक ताशी ५५ किलोमीटरच्या पुढे पळत असतं, तेव्हा फिरत्या चक्कीला हात लावू नका. आधी मोटरच्या वायरी एकमेकींना जोडा. चक्की आपोआप जड होते, मंदावते. मग वर चढा.