तलवारींचं काम आटलं, तंबोऱ्यांचं सुरू झालं : मिरजेच्या फरीदसाहेबांकडून काय शिकायचं?



"आमचा धंदाच संपला, आता करायचं काय?" धावड्यासारख्या गावात हा प्रश्न लोहार-सुतार नेहमी विचारतात. ट्रॅक्टर आले, औतं कमी झाली, मग फाळ पाजवायला आणणार कोण? या प्रश्नाचं एक खरं उत्तर मिरजेत आहे, पावणेदोनशे वर्षांपूर्वीचं.

फरीदसाहेब मिरजेचे शिकलगार. शस्त्रांना धार लावणं, ती दुरुस्त करणं हे घरचं काम. इंग्रजांचं राज्य आलं आणि ते काम आटलं. त्याच काळात पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाला मिरजेत गवई येत होते. वाद्यं बिघडली की दुरुस्तीची अडचण. 1850च्या सुमारास फरीदसाहेबांनी ते काम हातात घेतलं आणि पुढे ते स्वतःच तंबोरे-सतारी घडवू लागले.

यात तीन गोष्टी बघा.

1. सुरुवात दुरुस्तीपासून. बिघडलेलं वाद्य उघडलं की त्याची बनावट कळते. शिकणंही होतं आणि चार पैसेही मिळतात.

2. माल बदलला, हात तोच. तंबोऱ्याच्या तारा घोडीवरून जातात. घोडीचा माथा अगदी बारीक घासून जवारी लावतात, तेव्हाच तार झंकारते. केसभर जास्त घासलं की सूर बिघडला. धार लावणाऱ्या हाताला हा अंदाज नवा नव्हता.

3. गिऱ्हाईक बघून माप. पुरुषांच्या गळ्याचा तंबोरा मोठा, बायकांचा लहान. भोपळाही तसाच निवडायचा. तो येतो पंढरपूर भागातून, पण कारागिरी मिरजेची.

पुढे या घराण्यांचं आडनावच 'सतारमेकर' झालं. 2024 मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पिढ्या बदलल्या, काम चालूच आहे.

आता तुमची पाळी. कागदावर दोन रकाने पाडा. एकात लिहा, 'मी काय विकतो'. दुसऱ्यात लिहा, 'माझ्या हाताला काय येतं'. पहिला रकाना उद्या रिकामा होऊ शकतो, दुसरा होत नाही. मग गावात चौकशी करा : दुरुस्तीसाठी लोकांना कोणती वस्तू भोकरदनला नाहीतर सिल्लोडला न्यावी लागते? त्यातली एक या आठवड्यात उघडून बघा.