पेडल मऊ लागतंय? गाडी थांबवा!

रविवारची संध्याकाळ. पाचगणीहून परत येत होतो. पसरणी घाटाचा उतार, गाडीत आम्ही चौघं आणि मागच्या सीटवर अंताक्षरी फुल फॉर्मात. तेवढ्यात माझ्या पायाखालचं ब्रेक पेडल मऊ पडलं. अगदी स्पंजवर पाय ठेवल्यासारखं! पुन्हा दाबलं, तर आणखी खाली गेलं. घाबरून पटापट पंप केलं, गिअर खाली आणला, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि एका मोकळ्या जागेत गाडी कशीबशी उभी केली. अंताक्षरी केव्हाच थांबली होती.

फोन केल्यावर वाईहून एक मेकॅनिककाका बाइकवर आले. बॉनेट उघडलं आणि एकच प्रश्न विचारला, ''ताई, ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं?''

गाडी सेकंडहँड, घेऊन तीन वर्षं झालेली. या काळात सीट कव्हर्स बदलली, म्युझिक सिस्टिम बदलली. पण ब्रेक ऑइल? ते बदलायचं असतं?

असतं! हे 'ऑइल' हवेतलं पाणी शोषून घेतं. नवं डॉट ३ फ्लुइड किमान २०५ अंशांना उकळतं, पण त्यात पौणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं, की हाच आकडा १४० पर्यंत घसरू शकतो. घाटात सतत ब्रेक दाबला, की ते तापून उकळतं आणि वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, त्यामुळे आपला जोर चाकांपर्यंत पोचतच नाही.

पेडल काय सांगतंय?

● स्पंजसारखं लागतं, पंप केल्यावर जरा सुधारतं : लाइनमध्ये हवा शिरलीय. ब्लीडिंग करून घ्या.

● सिग्नलला पाय ठेवल्यावर हळूहळू खाली बसतं : मास्टर सिलिंडरचे आतले सील गेले असतील किंवा कुठेतरी लीक आहे.

● फ्लुइडची लेव्हल अचानक उतरलीय, चाकाची आतली बाजू ओलसर आहे : लीक! नुसतं टॉप-अप करून भागणार नाही. गाडी टो करून न्या.

● पेडल फक्त घाट उतरल्यावर मऊ पडतं : फ्लुइड जुनं झालंय.

एक मिनिटाची टेस्ट

सपाट जागी, इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा. ते कडक होईल. आता एकसारखा दाब देऊन अर्धा मिनिट धरा. पेडल खाली सरकलं, तर प्रेशर निसटतंय. सरकलं नाही, तर पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली जाऊन थांबलं, तर घाबरू नका. तो ब्रेक बूस्टर त्याचं काम करतोय. पण ही टेस्ट पास झाली तरी पाणी मुरलेलं फ्लुइड त्यात पकडलं जात नाही. त्यासाठी तारीखच बघावी लागते. बऱ्याच गाड्यांना दर दोन वर्षांनी फ्लुइड बदलायला सांगतात. तुमच्या गाडीचं मॅन्युअल एकदा उघडून बघाच.

आणि घाट उतरताना? ज्या गिअरमध्ये चढलात, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा. काकांनी जाता जाता हेच सांगितलं. गेल्या महिन्यात पुन्हा पसरणी उतरलो, या वेळी सेकंड गिअरमध्ये, नव्या फ्लुइडसह. अंताक्षरी वाईपर्यंत चालली!