नसलेल्या संगीताचे श्रवण

घरातील रेडिओ बंद असतो, देवळातील भजन केव्हाच संपलेले असते, आणि तरीही एखाद्या वृद्ध माणसाला ओळखीची चाल स्पष्ट ऐकू येत राहते. तो खिडकीशी जाऊन पाहतो, शेजाऱ्यांकडे चौकशी करतो. गाणे मात्र कोठेच चाललेले नसते. बाह्य वस्तूच्या अभावी होणाऱ्या अशा संवेदनास मराठी मानसशास्त्रीय लेखनात ‘निर्वस्तुभ्रम’ ही संज्ञा वापरली जाते. त्याचा संगीतविषयक प्रकार बहुधा वेडाचे लक्षण नसून श्रवणशक्तीच्या ऱ्हासाचा परिणाम असतो. ही गोष्ट सर्वसामान्यांस ठाऊक नसल्यामुळे अशा माणसाला कोणी वेड्यांत काढते, कोणी देवऋषीकडे नेते. आणि पुष्कळ जण या भीतीनेच मौन धरतात.

प्रथम तीन गोष्टींतील भेद स्पष्ट केला पाहिजे. मनात दिवसभर एखादी चाल घोळत राहते, तेव्हा ती मनातच आहे याची जाणीव असते. कर्णनादात शिट्टीसारखा, गुणगुणण्यासारखा किंवा घोंगावण्यासारखा आवाज ऐकू येतो. त्यास रचना नसते. सांगीतिक निर्वस्तुभ्रमात मात्र सूर, लय आणि कित्येकदा शब्दही असतात, आणि निदान आरंभी तरी ते बाहेरूनच येत आहेत अशी खात्री वाटते.

बधिरता आणि नसलेला ध्वनी यांचे साहचर्य प्राचीनांच्याही ध्यानी आले होते. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात २८ कर्णरोग सांगितले असून, शब्द वाहून नेणाऱ्या मार्गांत बिघडलेला वात राहिला असता नाना ध्वनी ऐकू येतात आणि त्यालाच कफाची जोड मिळून उपचार न झाल्यास बाधिर्य येते, असे तेथे म्हटले आहे. माधवनिदानात तर कर्णनादाचे वर्णन करताना भेरी, मृदंग आणि शंख या वाद्यांची नावे येतात. वातकफाची उपपत्ती आज कोणी आधारास घेणार नाही. परंतु दोन्ही विकार एकाच मार्गाच्या बिघाडातून उद्भवतात, हे निरीक्षण विचार करण्याजोगे आहे.

आधुनिक काळात बेरियॉस या मानसोपचारतज्ज्ञाने १९९० साली ४६ रुग्णांच्या नोंदी अभ्यासल्या, तेव्हा वार्धक्य, बधिरता आणि स्त्रीत्व या तीन गोष्टींचे या अनुभवाशी असलेले साहचर्य दिसून आले. ग्रिफिथ्स यांनी २००० साली बधिरता आलेल्या सहा रुग्णांच्या मेंदूचे चित्रण प्रसिद्ध केले. हे ‘संगीत’ चालू असताना सुरावटींची जुळणी करणारी मेंदूची क्षेत्रे कार्यरत होती. कानाकडून येणारा संदेश प्रथम जेथे पोचतो ते क्षेत्र मात्र त्या कार्यात सहभागी दिसले नाही. म्हणजे गाणे आतच रचले जात होते.

हे का घडावे, याचे उत्तर भाषेच्या श्रवणातच सापडते. ऐकणे म्हणजे कानावर पडलेला ध्वनी जसाच्या तसा टिपणे नव्हे. श्रोता पुढे काय येणार याचा सतत अंदाज बांधीत असतो आणि कानाकडून येणारा संदेश त्या अंदाजास दुजोरा देतो किंवा तो दुरुस्त करतो. वॉरन यांनी १९७० साली एका ध्वनिमुद्रित वाक्यातील एक वर्ण पुसून त्या जागी खोकल्याचा आवाज घातला. श्रोत्यांना तो गळलेला वर्ण ऐकू आला. इतकेच नव्हे, तर खोकला नेमका कोठे आला हेही त्यांना सांगता येईना. तेव्हा जे नाही ते ऐकणे हा निरोगी श्रवणाचाही नित्याचा व्यापार आहे.

वार्धक्यात हा व्यापार अधिक वाढतो. अंतःकर्णातील केशपेशी एकदा नष्ट झाल्या की माणसात त्या पुन्हा निर्माण होत नाहीत, आणि उच्च कंप्रतेचे ध्वनी प्रथम हरवतात. स्वर ऐकू येतात, पण स, श, त यांसारखी व्यंजने निसटतात. ‘पास’, ‘पात’ आणि ‘पाच’ यांतील ‘पा’ तेवढा कानी पडतो. उरलेले संदर्भावरून भरावे लागते. संभाषणात अशी चूक लगेच उघडकीस येते, कारण समोरचा माणूस ती सुधारतो. परंतु शांत घरात, क्षीण झालेल्या कानांकडून फारसे काहीच येत नसता, मेंदूच्या अंदाजास विरोध करणारे कोणी उरत नाही. तेथे स्मृतीच बोलू लागते. सुखबिंदर कुमार व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली संगीताची जाण असलेल्या एका स्त्रीचा अभ्यास करून हीच उपपत्ती मांडली. तिला खरे संगीत ऐकविले असता आतील संगीत काही काळ मंदावत असे.

स्मृती बोलते म्हणून ती आपल्याच संस्कारांची भाषा बोलते. पाश्चात्त्य नोंदींत चर्चमधील स्तोत्रे, नाताळची गीते आणि राष्ट्रगीते वारंवार आढळतात. इंदापूर तालुक्यातील लोणी देवकरसारख्या गावात वाढलेल्या आजच्या वृद्ध पिढीच्या स्मृतीत जात्यावरच्या ओव्या, काकड आरती, हरिपाठ, तालुक्यातून जाणाऱ्या तुकोबांच्या पालखीचा टाळमृदंग आणि १९५३ साली सुरू झालेल्या आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरील गीते यांचा साठा असणे स्वाभाविक आहे. अशा स्त्रीला भर दुपारी टाळ ऐकू आले, तर घरातील माणसे त्यास साक्षात्कार म्हणतील किंवा बाधा म्हणतील. कानांचा विचार क्वचितच कोणाला सुचेल. शिवाय पुणे-सोलापूर महामार्गावरील या गावी औद्योगिक वसाहतही आहे. यंत्रांच्या सततच्या गोंगाटाने कान अकाली निकामी होऊ शकतात. १९४८ च्या कारखाना अधिनियमातील नोंदणीय रोगांच्या अनुसूचीत अशा श्रवणऱ्हासास स्थानही मिळाले होते. यास्तव हा प्रश्न केवळ म्हाताऱ्यांचा राहत नाही.

उपायांचा आरंभ श्रवणचाचणीपासून व्हावा. योग्य श्रवणयंत्राने बाहेरचे ध्वनी पुन्हा कानी येऊ लागले की काहींचे आतील संगीत ओसरते. घरात मंद आवाजात खरे गाणे चालू ठेवल्यानेही काहींस आराम पडतो. पण सर्वांना गुण येतोच असे नाही. काही औषधे, अपस्मार, मेंदूतील रक्तस्राव आणि मनोविकार यांमुळेही असा अनुभव येऊ शकतो. म्हणून तो एकाएकी सुरू झाला, एकाच कानाचे ऐकणे अचानक गेले, किंवा सुरांऐवजी आज्ञा देणारे आवाज ऐकू येऊ लागले, तर वैद्यकीय तपासणीस विलंब करू नये. चालू असलेले औषध मात्र डॉक्टरांना विचारल्यावाचून थांबवू नये.

अनेकांना सर्वांत मोठा दिलासा मिळतो तो केवळ स्पष्टीकरणाने. गाणे थांबले नाही, तरी ते कोठून येते हे कळल्यावर त्याचे भय जाते. नसलेले गाणे ऐकू येत असल्याचे एखाद्या वृद्धेने सांगितले, तर तिच्या बुद्धीविषयी शंका घेण्यापूर्वी तिला आपले बोलणे नीट ऐकू येते काय, एवढे पाहणे हे घरच्यांचे पहिले कर्तव्य होय.