खिलाराची चाल, उंटाची चाल

खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेत बैल बघायला आलेला शेतकरी आधी दात बघतो, वशिंडावर हात फिरवतो आणि मग म्हणतो, "जरा चालवून दाखवा." खरी पारख इथून सुरू होते. मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशावर किंवा त्याच्याही पुढे पडला, तर ढांग लांब. मागेच राहिला, तर बैल पाय आखडतो. माण-आटपाडीच्या माळावर पिढ्यान् पिढ्या याच नजरेनं निवड होत आली, म्हणून खिलार जातीचा बैल इतका चपळ.

अरबांनी हीच नजर उंटावर रोखली आणि चालीचा प्रत्येक टप्पा नावानिशी वेगळा केला. १०३८ साली वारलेल्या निशापूरच्या सआलिबीनं आपल्या शब्दसंग्रहात या चाली वेगाच्या चढत्या क्रमानं मांडल्या. ‘अनक’ म्हणजे मान लांबवून टाकलेली ऐसपैस पावलं. त्यापुढं ‘जमील’. मग ‘रसीम’, म्हणजे जमिनीवर ठसा उमटेल असं दमदार चालणं. ‘वखद’मध्ये उंट शहामृगासारखे पाय फेकतो. इ.स. ६३२च्या हजयात्रेत अराफातहून निघालेल्या पैगंबरांचा उंट गर्दीत ‘अनक’ चालीनं जाई आणि वाट मोकळी मिळाली की ‘नस्स’ ही त्याहून वेगाची चाल धरी, असं हदीस सांगते. गर्दी किती होती, घाई किती होती, हे त्या दोन शब्दांतच कळतं.

उंटाचे एका बाजूचे दोन्ही पाय जवळजवळ एकदम उचलले जातात, म्हणून वरचा माणूस डावी-उजवीकडं हेलकावतो. दुडकणाऱ्या बैलाचा मात्र पुढचा डावा आणि मागचा उजवा पाय एकदम पडतो.

उंट मराठी फौजेतही होते. तातडीचा खलिता सांडणीस्वार नेई. तरी त्या सांडणीच्या चालींचे शब्द आपल्या बोलीत रुजलेले दिसत नाहीत. मला वाटतं, असे शब्द जनावर दारात वाढवणाऱ्यांच्या तोंडीच घडतात. आपल्याकडं ते बैलाभोवती घडले: दुडकणं, बुजणं, उधळणं, अडणं.

२०१४ला थांबलेल्या बैलगाडा शर्यतींना डिसेंबर २०२१मध्ये पुन्हा परवानगी मिळाली, याचा आनंद आहे. पण शर्यतीला हवा असतो वेग, कुळवाला हवी असते सम चाल. जोडीतला एक ढांगेत कमी पडला की जू तिरकं होतं आणि ओढ दुसऱ्याच्या मानेवर येते. ही चाल ओळखणारे कुळवकरी अजून माण-खटावात आहेत. त्यांच्या तोंडचे शब्द आत्ताच लिहून घ्यायला हवेत.