वाळवलेले दगड पुन्हा फिशटँकमध्ये टाकताय? आधी हे वाचा

फिशटँकमध्ये गोगलगायींचा सुळसुळाट झाला, म्हणून टाकी रिकामी केली. दगड आठवडाभर गच्चीवर वाळवले आणि पुन्हा मांडले. महिन्याभरात काचेवर गोगलगायी हजर! मग चूक कुठे झाली?

वाळलेला दगड सुरक्षित नसतो का?
नेहमीच नाही. वरून कोरडा दिसणाऱ्या दगडाच्या छिद्रांत ओल राहते. लांबट, शंकूसारख्या 'ट्रम्पेट' गोगलगायीच्या कवचाला झाकण असते. ते मिटून ती बरेच दिवस तग धरते. ती नराशिवायही थेट पिले देते, त्यामुळे एक वाचली तरी पुरते.

कोणता दगड ठेवावा?
खुटबाव, दौंड परिसरातला काळा दगड म्हणजे बेसाल्ट. तो टाकीसाठी चांगला. पांढरट चुनखडी मात्र पाण्याचा जडपणा वाढवते. दगडावर व्हिनेगरचे दोन थेंब टाका. फसफसले तर चुनखडी समजा. व्हिनेगर नीट धुऊन टाका.

स्वच्छ कसा करायचा?
१. ब्रशने घासून शेवाळ, चिखल काढा. साबण वापरू नका.
२. मोकळ्या जागेत, हातमोजे घालून, १९ भाग पाण्यात १ भाग बिनवासाचे घरगुती लिक्विड ब्लीच मिसळा. दगड दिवसभर बुडवून ठेवा.
३. भरपूर पाण्याने धुवा. क्लोरीन घालवणारे औषध टाकलेल्या पाण्यात भिजवा. वास जाईपर्यंत पाणी बदला.
४. उलटसुलट करत दोन-तीन आठवडे कडक उन्हात वाळवा.
५. आठवडाभर बादलीत भिजवून अमोनिया तपासा. छिद्रांत मेलेले जीव कुजले तर अमोनिया वाढतो आणि मासे दगावतात. तो शून्य आल्यावरच दगड टाकीत ठेवा.

काय टाळायचे?
ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनर कधीही मिसळू नका; विषारी क्लोरीन वायू तयार होतो. दगड चुलीत भाजू नका. आतल्या ओलीची वाफ होऊन तो फुटू शकतो. समुद्री टाकीतला दगड तर उकळूही नका. त्यावरच्या काही प्रवाळांत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असते. वाफेतून ते शरीरात गेल्याने परदेशात कुटुंबे रुग्णालयात दाखल झाली आहेत.

टाकीतले पाणी कुठे ओतायचे?
ओढा, कालवा, विहीर किंवा गुरांच्या हौदात नाही. गोड्या पाण्यातल्या काही गोगलगायींमधून जनावरांना यकृतातल्या चपट्या कृमींची लागण होते. शिवाय या भागातले पाणी शेवटी भीमेतून उजनीत जाते. उजनीत मच्छीमारांच्या जाळ्यात येणारा सकर मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. फिशटँकसाठी आणलेला हा मासा आपल्या जलाशयांत पसरला आहे. म्हणून गोगलगायींचे पाणी पाणवठ्यापासून दूर, कोरड्या जमिनीवर ओता.

दगड फुकट मिळतो, मासे नाहीत. शंका असेल तर जुना दगड बाजूला ठेवा आणि नवा आणा.