सहा घाणे बर्फीचे, सहा पेढ्यांचे

नागपूरच्या इतवारीत माझा भाचा मिठाईचा छोटा कारखाना चालवतो. मजुरी-माल वजा जाता संत्रा बर्फीच्या एका घाण्यावर त्याला 900 रुपये सुटतात, पेढ्यांच्या घाण्यावर 1000. मग सगळे पेढेच करावेत, असं त्याचं म्हणणं. मी आयुष्यभर बारावीला गणित शिकवलं. त्याच्यापुढे कागद ठेवला. रोजचा खवा 60 किलो, कारागिरांचे तास 30. बर्फीच्या घाण्याला 4 किलो खवा आणि 3 तास लागतात, पेढ्यांना 6 किलो आणि 2 तास. नुसते पेढे केले तर दहा घाण्यांत खवा संपतो, नफा 10,000. नुसती बर्फी केली तर आधी तास संपतात, नफा 9,000. दोन्ही मर्यादांच्या रेषा आलेखावर छेदतात तिथे सहा-सहा घाणे येतात. खवाही उरत नाही, तासही नाही. नफा 11,400!

हेच लिनिअर प्रोग्रामिंग. सर्वोत्तम उत्तर मर्यादांच्या रेषांनी बनलेल्या आकृतीच्या एखाद्या कोपऱ्यावर सापडतंच. 1947 मध्ये अमेरिकेत जॉर्ज डांझिग यांनी कोपऱ्याकोपऱ्याने जाणारी सिम्प्लेक्स पद्धत काढली. आयआयटी मुंबईत शिकलेल्या नरेंद्र करमरकरांनी 1984 मध्ये बेल लॅब्जमध्ये आकृतीच्या आतूनच वाट काढली. हे नाव आपल्या मुलांना ठाऊक असायलाच हवं.

मला मोलाचा वाटतो तो पुढचा हिशेब. कारागिरांचा एक जादा तास नफ्यात 140 रुपयांची भर घालतो, एक किलो जादा खवा 120 रुपयांची. म्हणजे ओव्हरटाइमला नेहमीच्या मजुरीवर 140 रुपयांपर्यंत खुशाल द्यावेत. एक्सेलमधला सॉल्व्हर हे गणित क्षणात सोडवतो. छोट्या कारखानदारांनो, आपले आकडे त्यात एकदा घालून बघाच.