तरुण स्त्रियांतील पक्षाघात व बीजदोष

पक्षाघात हा उतारवयाचा व्याधी, ही समजूत आपल्या व्यवसायात अजून दृढ आहे. रक्तदाब नाही, प्रमेह नाही, अशी पंचविशीची स्त्री एका हाताच्या दौर्बल्याची तक्रार घेऊन आली, तर मानसिक कारणाची शंका आधी घेतली जाते. अशा वयात मेंदूच्या सिरांत रक्त गोठणे हे एक महत्त्वाचे कारण असते आणि त्यामागे पुष्कळदा आनुवंशिक दोष दडलेला असतो.

रक्त गोठण्याच्या क्रियेला आवर घालणारी प्रोटीन सी, प्रोटीन एस व अँटिथ्रॉम्बिन ही द्रव्ये काही कुलांत जन्मतःच न्यून असतात. १९९४ साली नेदरलँड्समधील लायडन येथे फॅक्टर फाइव्हच्या जनुकातील दोष सापडला. त्यामुळे प्रोटीन सी या घटकास निष्क्रिय करू शकत नाही. १९९६ मध्ये प्रोथ्रॉम्बिनच्या जनुकातील दोषही उघड झाला. हे दोन्ही युरोपीय वंशात अधिक, आपल्याकडे विरळ.

परंतु केवळ बीजदोषाने व्याधी क्वचितच होतो. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या इटलीतील अभ्यासात मेंदूच्या सिरांतील रक्तगुठळीचा धोका प्रोथ्रॉम्बिनदोष असलेल्यांत सुमारे दहापट, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांत बावीसपट आणि दोन्ही एकत्र असणाऱ्यांत सुमारे दीडशेपट आढळला. रुग्ण अवघे ४० होते, म्हणून आकडा काटेकोर मानू नये, आणि मूळ व्याधीच विरळ आहे हेही विसरू नये. तरीही दोष व हेतू एकत्र आले म्हणजे काय होते, ते यातून दिसते. चरकसंहितेच्या शारीरस्थानात बीज, बीजभाग व बीजभागावयव यांच्या दुष्टीचा विचार आहे. त्यावरून आचार्यांना जनुके ठाऊक होती असा दावा आम्ही करणार नाही. पण बीजदुष्टीची कल्पना आपल्याला परकी नाही, एवढे खरे.

सूतिकावस्थेत, विशेषतः पहिल्या सहा आठवड्यांत, रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती स्वभावतः वाढलेली असते. त्यात बाळंतिणीला पाणी बेताचेच द्यायचे, ही काही घरांतील चाल घातक ठरते. शास्त्राच्या नावावर ती खपवू नये. उष्णोदक पुरेसे द्यावे.

या काळात दिवसेंदिवस वाढणारी, आडवे झाल्यावर तीव्र होणारी डोकेदुखी, सोबत वांती, अंधुक दृष्टी वा आक्षेप, असे चित्र असल्यास अर्धावभेदक समजून नस्य, शिरोबस्ती यांत दिवस घालवू नयेत. रुग्णेला त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात धाडावे. साधे सी. टी. स्कॅन निर्दोष येऊ शकते, एम. आर. व्हेनोग्राफीने निदान होते आणि हेपॅरिन वेळेत मिळाल्यास बहुतेक रुग्णा सावरतात.

औषधविक्रेत्यांशी दोन शब्द. गौरी-गणपती, लग्नकार्य आले की पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्यांना मागणी वाढते. त्यांतील नोरएथिस्टेरॉनचा काही अंश मोठ्या मात्रेत शरीरातच इथिनिल इस्ट्रॅडिऑलमध्ये, म्हणजे गर्भनिरोधक गोळ्यांतील घटकात, बदलतो. त्यामुळे ‘दोनचार दिवसांचा तर प्रश्न’ म्हणून चिठ्ठीवाचून त्या देऊ नयेत. आई, मावशी, बहीण यांपैकी कोणास तरुणपणी पक्षाघात झाला होता का, पायाच्या सिरेत गुठळी झाली होती का, हे विचारावे. उत्तर होकारार्थी आल्यास गोळी न देता वैद्याकडे पाठवावे.

तपासणीची वेळही पाहावी लागते. गर्भावस्थेत प्रोटीन एस स्वभावतः घटते आणि वॉरफॅरिन चालू असता प्रोटीन सी व एस दोन्ही घटलेली दिसतात. तेव्हाचा अहवाल पाहून कुलावर दोषाचा शिक्का मारू नये. जनुकपरीक्षेस मात्र असा अडसर नाही.